रेंज नसलेल्या पाड्यावरून नदीची पातळी: सॅटेलाइट युनिट बसवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी सातपूरला इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. हे प्रकरण दिंडोरी तालुक्यातल्या एका पाणी वापर संस्थेचं आहे. संस्थेच्या परवानगीने लिहितोय, पण गावं, नदी, माणसं कुणाचंच नाव देत नाही. दोन पावसाळ्यांची गोष्ट आहे.

संस्थेतले बहुतेक जण द्राक्षवाले, थोडे टोमॅटोवाले. पावसाळ्यात नदी वाहती असते तेव्हाच शेततळी भरून घ्यायची, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर माल तयार होईपर्यंत तेच पाणी पुरवायचं असतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर नदीकाठी मोटारी लावलेल्याच असतात. पूर यायचा असेल तर मोटार, स्टार्टर, पेटी सगळं वर ओढून घ्यायचं. चार मोटारी ओढायला तीन-चार माणसं आणि एक-दीड तास लागतो. म्हणजे पाण्याच्या आधी दोन तास कळलं तर सगळं वाचतं, पंधरा मिनिटं आधी कळलं तर फक्त बघत बसायचं.

वरचा पाऊस घाटमाथ्याच्या बाजूला पडतो. तिथल्या एका पाड्यापासून संस्थेच्या मोटारींपर्यंत नदीने साधारण 18 किलोमीटर, आणि पाड्यावर वाढलेलं पाणी खाली यायला अडीच-तीन तास लागतात, हा जुन्या लोकांचा अंदाज आणि आमच्या मोजणीतही तेवढंच निघालं. पाड्यावर एक म्हातारे गृहस्थ राहतात, सगळे त्यांना बाबा म्हणतात. गेली कित्येक वर्षं पाणी वाढलं की बाबा मागच्या टेकडीवर चढायचे, तिथे एका कोपऱ्यात रेंजच्या दोन काड्या येतात, आणि तिथून संस्थेच्या चेअरमनना, म्हणजे आप्पांना, फोन करायचे. रात्री, धो धो पावसात, सत्तरीच्या माणसाने टेकडी चढायची. दोन वर्षांपूर्वी ते घसरले, गुडघा दुखावला, त्या रात्री फोन आला नाही आणि खाली दोन मोटारी बुडाल्या. आप्पा माझ्याकडे आले ते मोटारींसाठी नाही, ते सरळ म्हणाले, "बाबांना आता टेकडीवर पाठवायचं नाही, काहीतरी यंत्र बसव."

नेमकी अडचण

सेन्सरचं काम सोपं होतं. पाड्याजवळ जिल्हा परिषदेचा जुना पूल आहे, त्याच्या कठड्यावरून खाली तोंड करून रडार लेव्हल सेन्सर लावायचा, शेजारी टिपिंग बकेट पर्जन्यमापक, म्हणजे ठरावीक पाणी साठलं की उलटणारी छोटी बादली, उलटण्या मोजून पाऊस कळतो. रडार घेतला कारण अल्ट्रासॉनिकवर हवेच्या तापमानाचा परिणाम होतो आणि पाण्यात बुडवायचा प्रेशर सेन्सर पहिल्या गढूळ पाण्यातच गाळाने भरतो. पुलासाठी ना-हरकत पत्र घ्यायला एक महिना गेला, ते ठीक आहे.

खरा प्रश्न होता की ही माहिती तिथून बाहेर कशी काढायची. मोबाइल रेंज नाही, लाइट असते-नसते, आणि ज्या रात्री माहितीची गरज सगळ्यात जास्त त्याच रात्री लाइट हमखास गेलेली.

कोणते पर्याय बघितले

पहिला विचार उंच खांब आणि मोठा यागी अँटेना लावून मोबाइलचाच सिग्नल ओढायचा. दोन दिवस फिरलो, पुलापाशी काहीच लागत नव्हतं, मध्ये डोंगराची सोंड आडवी. सोडून दिलं.

दुसरा लोराचा, म्हणजे कमी विजेत लांबपर्यंत छोटे मेसेज पाठवणाऱ्या रेडिओचा. 865 ते 868 मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे लायसन्सशिवाय वापरता येतो, पॉवरची मर्यादा पाळली की झालं. पण पुलापासून रेंजच्या जागेपर्यंत सरळ नजर नाही, मध्ये दोन ठिकाणी रिपीटर लागले असते आणि दोन्ही जागा वनखात्याच्या हद्दीत. परवानगी, वीज, माकडं, विजा पडणं, आणि एक रिपीटर गेला की सगळी साखळी तुटली. पैशाने हा सगळ्यात स्वस्त होता आणि आजही कुणी विचारलं तर मी आधी लोराच बघा म्हणेन, पण नजर मिळत असेल तरच.

तिसरा सॅटेलाइट, आणि त्यातही तीन वाटा. व्हीसॅट म्हणजे डिश लावायची. ती तीस-चाळीस वॅट सतत खाते, आणि केयू बँडची लहर जेमतेम दोन सेंटिमीटरची असल्याने जोरदार पावसात सिग्नल पडतो. आम्हाला तर जोरदार पावसातच डेटा हवा होता.

दुसरी वाट सरकारी. हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रं आणि केंद्रीय जल आयोगाची टेलिमेट्री इन्सॅटच्या डेटा रिले ट्रान्सपॉन्डरवरून साधारण 402 मेगाहर्ट्झवर डेटा पाठवतात. हेच काम, हीच गरज, पण ती व्यवस्था सरकारी यंत्रणांची, एका गावच्या संस्थेला तिथे जागा नाही.

तिसरी वाट म्हणजे छोटे छोटे मेसेज पाठवणारं सॅटेलाइट मोडेम, आणि इथे आमची एक मोठी चूक होता होता राहिली. संस्थेतल्या एका तरुण सभासदाचा भाऊ परदेशात असतो. तो म्हणाला इथे असलं मोडेम दुकानात मिळतं, येताना बॅगेत घेऊन येतो, प्लॅनही परदेशातलाच घेऊ. किंमत बरी होती, मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. ओळखीच्या एका निवृत्त वायरलेसवाल्या काकांना सहज विचारलं तर ते फोनवरच उभे राहिले असावेत. आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाइटवर बोलणारं कुठलंही उपकरण आणणं, बाळगणं, वापरणं हा गुन्हा आहे, थुराया आणि इरिडियमच्या फोनवर तर उघड बंदी आहे, गिर्यारोहणासाठीचे सॅटेलाइट मेसेंजर बॅगेत सापडले म्हणून परदेशी पाहुण्यांना आपल्या विमानतळांवर ताब्यात घेतलेलं आहे. यंत्र फक्त नदीची पातळी पाठवतं हे कस्टमवाल्याला कळत नाही आणि कायद्याला फरकही पडत नाही. तो पोरगा विमानतळावर अडकला असता तर आप्पांना मी तोंड दाखवू शकलो नसतो.

मग देशात रीतसर परवाना असलेल्या एका कंपनीची सेवा घेतली. भूस्थिर उपग्रह, फ्रिक्वेन्सी कमी त्यामुळे लहर लांब, आणि पावसाचा फारसा त्रास नाही. उपकरणाला डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची, मान्यता आहे का ते कागदावर बघितलं, सेवा संस्थेच्या नावाने रजिस्टर केली. याला सहा आठवडे जास्त लागले. जो कुणी हे करणार असेल त्याने मोडेमची किंमत विचारायच्या आधी कागद विचारावेत.

काय केलं

मेच्या पहिल्या आठवड्यात युनिट बसवलं. पुलाजवळच तीन मीटरचा खांब, त्यावर चपटा अँटेना, खाली पेटीत डेटालॉगर (सेन्सरचे आकडे नोंदवणारं यंत्र), मोडेम, 12 व्होल्ट 18 एएचची (अँपिअर-तास) बॅटरी आणि वर 20 वॅटचं सोलर पॅनल. आमचा उपग्रह दक्षिणेला किंचित पूर्वेकडे, आकाशात साधारण 64 अंश उंच दिसतो. भूस्थिर असल्याने, म्हणजे विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने, तो जागचा हलत नाही, एकदा अँटेना रोखला की झालं. फोनवरच्या कंपासने आणि सुताराच्या कोनमापकाने दिशा धरली, सिग्नल एकदम झकास आला.

मेसेज छोटा ठेवण्यावर बराच वेळ घातला आणि तो सत्कारणी लागला. सुरुवातीला सरळ मजकूर म्हणून पाठवत होतो, एक मेसेज पावणेदोनशे बाइट. मग पातळी मिलिमीटरमध्ये दोन बाइट, पावसाचे टिप एक बाइट, बॅटरी एक, असं घट्ट बांधलं, आणि प्रत्येक मेसेजमध्ये आधीच्या तासाचे आकडेही परत घातले, म्हणजे एखादा मेसेज हरवला तरी पुढच्यात ती माहिती येतेच. तरी सगळं मिळून 32 बाइट.

एक निर्णय मात्र मी लोकांच्या आग्रहाखातर घेतला. मला तासाला एक मेसेज पुरे वाटत होता, पाणी अचानक वाढलं तर तेवढ्यापुरता ताबडतोब एक जादा. पण बैठकीत सगळे म्हणाले लाइव्ह पाहिजे, दर पंधरा मिनिटांनी. मीही म्हटलं ठीक आहे, बॅटरीचं गणित बसतंय. बसतही होतं: लॉगर आणि सेन्सर मिळून दिवसाला 0.36 एएच, आणि 96 मेसेजना प्रत्येकी दहा सेकंद एक अँपिअर धरलं तर 0.27. एकूण 0.63.

बसवताना बाबा दिवसभर शेजारी बसून होते. संध्याकाळी म्हणाले, "इथंच ठेवणार का? पावसाळ्यात इथं आभाळ दिसत नाय." मला वाटलं ते ढगांबद्दल बोलतायत. मी त्यांना समजावून सांगितलं की बाबा, या लहरींना ढग आडवे येत नाहीत. ते गप्प बसले.

काय बिघडलं

मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा एकही मेसेज चुकला नाही. जूनच्या शेवटी अधूनमधून चुकायला लागले, जुलैच्या पहिल्या आठवड्यात निम्मे, मग एके दिवशी बंदच.

बंद पडलंय हे आम्हाला दोन दिवस कळलंच नाही! मी बनवलेल्या स्क्रीनवर शेवटचा आकडा हिरव्या रंगात तसाच होता, 0.62 मीटर. खाली सगळे बघत होते आणि म्हणत होते वर पाणी कमीच आहे. त्या दोन दिवसांत मोठा पूर आला नाही हे नशीब, यात माझं काही कर्तृत्व नाही. या संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे, कारण आधी निदान बाबांचा फोन आला नाही तर लोक सावध तरी व्हायचे, आणि मी त्यांना एक हिरवा आकडा देऊन निर्धास्त केलं.

पाड्याच्या रस्त्यावरच्या फरशीवरून पाणी जात होतं म्हणून पोचायला आणखी तीन दिवस गेले. पोचलो, मान वर केली आणि बाबा काय म्हणत होते ते कळलं. खांबापासून चार मीटरवर दक्षिणेला सागाची उंच झाडं. मे महिन्यात साग पूर्ण निष्पर्ण असतो, त्या काटक्यांमधून मला सगळं आभाळ मोकळं दिसलं होतं. पहिल्या पावसाबरोबर पानं फुटली, जुलैपर्यंत परातीएवढी झाली, आणि ओल्या पानांचं ते छत बरोब्बर उपग्रहाच्या दिशेला. पावसाचे थेंब या लहरींना अडवत नाहीत पण पाण्याने भरलेली पानं एकावर एक असली की अडवतात. "आभाळ दिसत नाय" याचा अर्थ शब्दशः तोच होता.

आणि नुसता सिग्नल गेला असता तर निदान आत नोंदी तरी झाल्या असत्या. झालं असं की मेसेज पोचला नाही की मोडेम परत प्रयत्न करायचं, लॉगमध्ये एकेका मेसेजमागे चार-पाच प्रयत्न दिसत होते, दहा सेकंदांच्या जागी जवळजवळ एक मिनिट. दिवसाचा खर्च 0.63 वरून 1.8 एएचवर गेला. घाटात जुलैमध्ये 20 वॅटचं पॅनल दिवसाला जेमतेम साठ-पासष्ट शतांश एएच देत होतं. म्हणजे नेहमीचा खर्च कसाबसा निघाला असता, हा निघणं शक्यच नव्हतं. दहा-अकरा दिवसांत बॅटरी बसली आणि तिच्याबरोबर लॉगरही. पंधरा मिनिटांचा आग्रह मी मान्य केला नसता तर हेच व्हायला कितीतरी जास्त दिवस लागले असते आणि तोवर चुकणारे मेसेज बघून आम्ही पोचलो असतो.

दुरुस्ती करताना

झाड तोडायचा विषय दोघांनी काढला, तो मी आणि बाबांनी दोघांनीही लगेच बंद केला. फांद्या छाटायच्या म्हटलं तरी परवानगी, आणि पुढच्या वर्षी परत वाढणारच. पुलापासून 35 मीटर वर उघडा कातळ आहे, तिथून दक्षिणेचं आभाळ पूर्ण मोकळं.

आता इथे सोपा वाटणारा मार्ग म्हणजे अँटेना कातळावर नेऊन लांब केबल टाकायची. पण या फ्रिक्वेन्सीला साध्या आरजी-58 केबलने 35 मीटरमध्ये सिग्नलचा शंभरावा हिस्साही उरला नसता. म्हणून मोडेमच अँटेनाजवळ नेलं आणि खालच्या लॉगरपासून तिथपर्यंत आरएस-485 ची, म्हणजे लांबवर डेटा नेणाऱ्या पद्धतीची, तार टाकली, तिला 35 मीटर म्हणजे काहीच नाही. उंदरांपासून वाचवायला आप्पांच्या गोठ्यात पडलेला ठिबकच्या सबमेनचा जुना पाइप आणला आणि तार त्यातून नेली. पॅनल 40 वॅटचं केलं आणि बरंच सपाट ठेवलं, कारण आपल्याकडे 20 अंश अक्षांशावर जुलैत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, थोडा उतार फक्त धूळ-पाला धुऊन जाण्यापुरता. मेसेज तासाला एक, जास्तीत जास्त दोन प्रयत्न, मग पुढच्या तासापर्यंत झोप. पंधरा मिनिटांत पातळी 20 सेंटिमीटर वाढली तर मात्र लगेच. आणि स्क्रीनवर दोन तास काही आलं नाही तर आकडा पुसला जाऊन राखाडी चौकट दिसते आणि मला फोन येतो.

ऑगस्टची रात्र

यानंतर यंत्र नीट चाललं आणि तरीही एक मोटार गेली. रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी पाड्यावर पाणी वाढलं, मेसेज मिनिटभरात ग्रुपवर पडला. पंपावरचा भाऊ तीन वाजता व्हॉल्व्ह बदलायला उठला, त्याने मोबाइल बघितला, मेसेजवर वेळ होती 21:10. त्याला वाटलं हा रात्री नऊचा मेसेज, सहा तास झाले, समोर नदी शांत, म्हणजे पाणी आलं नाही किंवा येऊन गेलं. तो परत झोपला. पाच वाजता पाणी चढताना बघून त्याने एकट्याने दोन मोटारी ओढल्या, तिसरी वर आणायला आलेल्यांनी मदत केली, चौथी आणि तिचा स्टार्टर बुडाला.

उपग्रहाकडून येणारी वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपली तिच्यापुढे साडेपाच तास. हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो तोही त्यामुळेच, तेव्हा यूटीसीचे तीन वाजलेले असतात. मला हे माहीत होतं, स्क्रीनवर मी बदललंही होतं, ग्रुपवर जाणाऱ्या मेसेजमध्ये बदलायचं राहिलं. त्या भावाची यात काडीची चूक नाही. त्या मोटारीच्या रिवाइंडिंगचे पैसे मी भरले. आप्पा नको म्हणत होते.

त्या रात्रीनंतर दोन बदल केले. एक, मेसेजच्या जोडीला तीन माणसांना आपोआप फोन जातो, पहिल्याने उचलून एक दाबलं नाही तर दुसऱ्याला, कारण रात्री मेसेजच्या आवाजाने कोणी उठत नाही. दुसरा बदल आप्पांनी सुचवला. नाशकात पूर आला की कुणी क्युसेक विचारत नाही, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला एवढंच विचारतात, कमरेला म्हटलं की शहराला कळतं. तसं पाड्यावर पुलाजवळ म्हसोबाचा दगड आहे. आम्ही लेव्हलिंग करून त्याची पायरी, मधला भाग आणि माथा सेन्सरच्या आकड्यांशी जुळवून घेतला. आता फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, "पाणी म्हसोबाच्या पायरीला लागलं, आत्ता." 2.35 मीटर हा आकडा मेसेजमध्ये खाली असतो, बघणारा बघतो.

दुसरा पावसाळा

दुसऱ्या वर्षी जून ते सप्टेंबर मोजून सात मेसेज चुकले, सातही पुढच्या मेसेजमधून भरून निघाले. पाच वेळा फोन गेले, मोटार एकही बुडाली नाही. त्यातला एक फोन उगाच होता, पुलाखाली ओंडका अडकून सेन्सरला पाणी वाढल्यासारखं दिसलं. लोकांनी मोटारी ओढल्या आणि परत उतरवल्या, कुणी तक्रार केली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

जागा पावसाळ्यात एकदा बघितल्याशिवाय खांब रोवणार नाही, आणि ते जमत नसेल तर तिथे राहणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन बोटाने दिशा दाखवून विचारेन की या इथे, या उंचीवर, श्रावणात काय दिसतं. मी बाबांना पाणी कुठपर्यंत येतं हे दहा वेळा विचारलं होतं, आभाळाचं एकदाही विचारलं नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं तर मीच त्यांना शिकवायला गेलो. बॅटरीचं गणित सगळं नीट चाललेल्या दिवसाचं न करता सगळं बिघडलेल्या आठवड्याचं करेन. पहिल्याच दिवशी युनिटचा अँटेना गोणपाटाने झाकून बघेन की खाली लोकांना काय दिसतं. ही दहा मिनिटांची तपासणी आहे, ती केली असती तर तो हिरवा आकडा मेमध्येच सापडला असता.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या वर्षीच्या जूनपर्यंत माझ्या ध्यानातच आली नव्हती. बाबांनी विचारलं, "एवढं सगळं खाली जातंय, पण मला हे काय सांगतं?" त्यांच्याच दारातला पाऊस दिंडोरीत दिसत होता आणि पाड्यावर कुणालाच दिसत नव्हता. मग पेटीच्या दारावर एक छोटा डिस्प्ले लावला, बटण दाबलं की सकाळी साडेआठपासूनचा पाऊस मिलिमीटरमध्ये. बाबा रोज सकाळी तो आकडा कोळशाने ओसरीच्या भिंतीवर लिहितात, आणि शेजारी मी दिलेल्या साध्या मापाच्या नळकांड्यातला आकडाही. ऑगस्टमध्ये त्यांनीच दाखवलं की मोठ्या पावसाच्या दिवशी यंत्राचा आकडा नळकांड्यापेक्षा कमी येतो. टिपिंग बकेटचं असं होतंच, जोराच्या सरीत बकेट उलटत असतानाचं पाणी मोजलं जात नाही. त्यांच्या भिंतीवरच्या 61 दिवसांच्या नोंदींचा फोटो काढून आणलाय, त्यावरून आता दुरुस्तीचा गुणक काढतोय.